चित्रातला 'पार्क': उद्यान की रमणा?

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या 'विव्हन्हो पार्क, एसेक्स' (१८१६) या चित्राचं नाव मराठीत 'विव्हन्हो उद्यान' असं लिहिलं तर चालेल का, आणि माणसाने आखलेल्या जागेच्या चित्राला निसर्गचित्र म्हणावं का, असे दोन प्रश्न विचारले आहेत.

'उद्यान' मला मुळीच पटत नाही. उद्यान म्हटलं की फुलांचे ताटवे, बाकं, कारंजं आणि फाटकावर वेळांची पाटी डोळ्यांसमोर येते. या चित्रात पुढे कुरणात गाई आहेत, तळ्यात राजहंस आहेत, होडीतून माणसं जाळं ओढतायत, आणि मालकाचा लाल विटांचा वाडा झाडांच्या आड, पार मागे आहे.

इंग्रजीतला 'पार्क' जुन्या फ्रेंचमधून आला. शिकारीची जनावरं राखलेलं, कुंपण घातलेलं रान हा त्याचा मूळ अर्थ. सार्वजनिक बाग हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. त्या जुन्या अर्थाचा शब्द आपल्याकडे आहे: रमणा. राजेरजवाडे हरणं राखत ते रान म्हणजे रमणा. पुण्यात पर्वतीजवळच्या रमण्यात पेशवे दक्षिणा वाटत, म्हणून इतिहास वाचणाऱ्यांना हा शब्द दक्षिणेपुरताच आठवतो, आणि त्याचा मूळ अर्थ मागे पडला याची मला खरंच हळहळ वाटते.

या चित्राला तर तो फारच शोभतो. मालक जनरल रीबो यांना हरणांसाठी बांधलेलं घरही चित्रात हवं होतं. ते उजवीकडे इतकं लांब होतं, की सगळं मावेना. शेवटी कॉन्स्टेबलने कॅनव्हासला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या. ही अडचण त्याने आपली वाग्दत्त वधू मारिया बिकनेल हिला पत्रातून कळवली होती. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

आता दुसरा प्रश्न. हा परिसर १७७० च्या दशकात रिचर्ड वुड्स या बागा आखणाऱ्याने आखलेला. खुद्द कॉन्स्टेबलने १८२२ साली मित्र जॉन फिशरला लिहिलं, की धनिकांचे असले पार्क मला आवडत नाहीत, कारण तो निसर्ग नव्हे. तरीही 'निसर्गचित्र' हे चित्रप्रकाराचं रुळलेलं नाव आहे, ते बदलू नये. शिवाय गवतावर सरकणारी ती ढगांची सावली वुड्सने आखलेली नाही!

म्हणून चित्राखाली मी लिहीन: 'विव्हन्होचा रमणा, एसेक्स. निसर्गचित्र, तैलरंग, १८१६.' आज त्या जागी एसेक्स विद्यापीठ आहे. त्याचा पत्ता सांगताना मात्र 'विव्हन्हो पार्क' असंच लिहावं.