थंडीत कपाटामागच्या भिंतीवर बुरशी येते, खिडक्या बंद ठेवू का?

नाही, उलट दुपारी उघडा. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली जातो, उत्तरेकडची भिंत गार पडते. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरतं. ती वाफ घरातलीच: श्वास, आंघोळ, स्वयंपाक, खोलीत वाळत घातलेले कपडे.

आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. बाहेरून ओला झाला तर हवेतली वाफ. मागून ओला झाला तर गळती किंवा ओल, मग प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला गाठा.

वाफच असेल तर कपाट चार इंच पुढे ओढा, एक्झॉस्ट आंघोळीनंतरही चालू ठेवा. आतून थर्माकोल मात्र लावू नका. फटींतून वाफ मागे जाते आणि बुरशी तिथे निवांत वाढते. इन्सुलेशन करायचंच तर भिंतीच्या बाहेरून.