ग्रंथपालांचे प्रश्न : ई-साधनांचा वापर मोजायचा कसा?

ई-नियतकालिकांच्या प्रकाशकाच्या डॅशबोर्डवर वर्षाला ४२ हजार हिट्स दिसतात. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात हाच आकडा लिहू का? (महाविद्यालयीन ग्रंथपाल, सातारा)

नका लिहू. एक पान उघडलं की त्यावरची चित्रं, लोगो, बटणं असं सगळंच हिट्समध्ये धरलेलं असू शकतं. प्रकाशकाकडे काउंटर-प्रमाणित अहवाल मागा. प्रकाशकांनी वापर एकाच पद्धतीने मोजावा म्हणून २००२ साली काउंटर हा मोजणीचा सामायिक नियमसंच सुरू झाला. आज त्याची ५.१ ही आवृत्ती चालते.

एम.एस्सी.ची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिने लेखाचा सारांश पाहिला, मग पूर्ण लेख स्क्रीनवर उघडला, आणि थोड्या वेळाने एसटीत वाचायला म्हणून पीडीएफ उतरवून घेतली. काउंटरच्या हिशेबात टोटल इन्व्हेस्टिगेशन्स (सारांशासकट काहीही पाहिलं ते) तीन, टोटल रिक्वेस्ट्स (पूर्ण लेख जितक्यांदा उघडला किंवा उतरवला ते) दोन, युनिक रिक्वेस्ट (तोच लेख कितीदाही उघडला तरी एकदाच धरलेला) मात्र एक. नेट रखडलं म्हणून तिने तीच लिंक ३० सेकंदांत दोनदा दाबली, तरी ती एकदाच धरतात. ज्यांच्या साइटवर पीडीएफच्या आधी पूर्ण लेख आपोआप स्क्रीनवर उघडतो, त्यांचा टोटल आकडा आयताच फुगतो. म्हणून दोन प्रकाशकांची तुलना करताना मी युनिकचाच रकाना बघते.

लॉगिनचा आकडा विचारला असेल तर लॉगिन म्हणूनच द्या. लॉगिन करून काहीच न वाचता बाहेर पडणारे पुष्कळ असतात.

एका नियतकालिकाचा वर्षभरात फक्त नऊ वेळा वापर झाला. वर्गणी बंद करावी का? (पुणे)

आधी भागाकार करा. समजा, वर्गणी ४८ हजार आणि युनिक रिक्वेस्ट्स ३२०, तर एका वापराला १५० रुपये पडले. तुमच्या नऊला भागून जो आकडा येईल, तो सुटा लेख विकत घेण्याच्या किमतीशेजारी ठेवा. हिशेबाला काउंटरचा टीआर-जे१ हा नियतकालिकांचा अहवाल घ्या, कारण त्यात सर्वांना खुले असलेले लेख येत नाहीत. ज्यासाठी आपण पैसे मोजले नाहीत, ते वर्गणीच्या खात्यात कशाला?

मग टीआर-जे४ उघडा. त्यात वापर लेखाच्या प्रकाशनवर्षानुसार दिसतो. नऊही लेख २०१० च्या आधीचे असले आणि जुन्या अंकांचा कायमचा हक्क करारात असला, तर चालू वर्गणी कशासाठी भरताय हे विभागाला विचारा. पण तो विभागच तिघांचा असेल आणि एक जण त्याच विषयात पीएच.डी. करत असेल, तर नऊ हा आकडा लहान नाही. हा निर्णय एक्सेलवर सोडू नका.

अहवालात काही नियतकालिकं दिसतच नाहीत. (नांदेड)

ज्यांचा वापर शून्य, त्यांची ओळच काउंटरच्या पाचव्या आवृत्तीपासून अहवालात येत नाही. वर्गणीची यादी शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहावं लागतं.

आणि शून्य म्हणजे कुणी वाचत नाही, असं लगेच धरू नका. माझ्याच ग्रंथालयात एकदा सलग दोन महिने शून्य आलं होतं. मी प्राध्यापकांवर चिडले, सूचनाफलकावर खोचक नोटीसही लावली. नंतर कळलं, की संस्थेने इंटरनेटची कंपनी बदलली होती, आयपी पत्ता (ज्यावरून प्रकाशक आपली संस्था ओळखतो तो इंटरनेटवरचा क्रमांक) बदलला होता आणि प्रकाशकाला नवा पत्ता कुणी कळवलाच नव्हता. कळवायला हवं होतं मीच. नोटीस गुपचूप काढली.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन आल्यावर आम्ही मोजायचं कशाला? (शासकीय महाविद्यालय, विदर्भ)

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या या योजनेत सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात. त्यातलंच एखादं तुम्ही अजून स्वतःच्या पैशाने घेत नाही ना, एवढं तरी याच महिन्यात बघा. ई-पुस्तकं आणि बाकीचे डेटाबेस मोजायचे आहेतच.

कोणते प्राध्यापक काहीच वाचत नाहीत, त्यांची नावं प्राचार्यांनी मागितली आहेत. (नाव-गाव नको)

काउंटरच्या अहवालात नावं नसतातच. प्रॉक्सी सर्व्हरच्या (ज्यातून लॉगिन करून वाचक बाहेरूनही ई-साधनं उघडतात त्या यंत्रणेच्या) नोंदीत सापडतील, पण त्या हजेरीपटासारख्या वापरायच्या नसतात. आपण काय वाचतो यावर कुणाची नजर आहे असं कळलं, की माणसं मोबाइलवर दुसरीकडून वाचतात आणि तुमचा आकडा आणखी खाली जातो. सरांना विभागवार आकडे द्या. दोन-तीन माणसांचे विभाग असतील तर ते एकत्र करून द्या, नाहीतर विभागाच्या आकड्यावरूनही नाव कळतं.