सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) नव्याने येणाऱ्यांसाठी

हिब्रू येत नाही म्हणून मागच्या बाकावर लपून बसू नका. पान चुकलं तर शेजाऱ्याला खुशाल विचारा, बोट ठेवून दाखवतील. सुरुवातीला योग्य जागी ‘आमेन’ म्हणता आलं तरी पुष्कळ झालं.

आठवड्यातल्या सकाळच्या प्रार्थनेला मात्र वेळेवर या. मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, दहा प्रौढ लागतात (काही मंडळ्यांत फक्त पुरुष मोजतात, काहींत स्त्रियाही). नऊच जमले की दिवंगत आई-वडिलांसाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायला आलेला माणूस दाराकडे बघत ताटकळतो. अशा वेळी दहावे म्हणून तुम्ही आत शिरलात, तर त्याचा चेहरा बघा. भाषणातले आभार त्यापुढे फिके.

आभारांचंच म्हणाल, तर हज्जान (प्रार्थना चालवणारा) अमिदा ही मुख्य प्रार्थना मोठ्याने पुन्हा म्हणतो तेव्हा नीट ऐका. इतर आशीर्वादांना आपण नुसतं ‘आमेन’ म्हणतो. ‘मोदीम’ हा आभाराचा भाग आला की मात्र प्रत्येक जण वाकून स्वतःच्या तोंडाने आभार मानतो. ते काम हज्जानवर सोपवून चालत नाही! मोठ्या आजारातून उठलेला माणूस ‘हागोमेल’ हा आभाराचा आशीर्वाद म्हणतो, तेही चारचौघांत, दहा जणांसमोर.

शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, फोन घरीच ठेवलेला बरा. प्रार्थना संपल्यावर लगेच पळू नका, किद्दुशला, म्हणजे नंतरच्या द्राक्षारसाच्या आशीर्वादाला आणि खाण्याला, थांबा. खऱ्या ओळखी तिथेच होतात. खुर्च्या आवरायला कोणी सांगायची वाट बघू नका.

कुणाकडे दफनानंतरचे शोकाचे सात दिवस, म्हणजे ‘शिवा’, असतील तर जरूर जा. घरचा माणूस बोलेपर्यंत आपण गप्प बसायचं. जेवण नेणार असाल तर त्या घरी कोशर (खाण्यापिण्याचे धार्मिक नियम) कितपत पाळतात, ते आधी विचारून घ्या.