मुख्याध्यापक शिक्षकांना मेमोने चालवतात की वजनाने?
खासगी अनुदानित शाळेत नुसता मेमो फार चालत नाही. महाराष्ट्राच्या 1977च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानुसार नेमणूक, बडतर्फी संस्थेच्या हातात. मुख्याध्यापकाकडे उरतं मस्टर, किरकोळ रजा, गोपनीय अहवाल आणि वेळापत्रक. (यातलं खरं हत्यार वेळापत्रक! शनिवारचा शेवटचा तास कुणाला, यावरून अख्खी स्टाफरूम रुसते.) फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी 1959मध्ये सत्तेचे पाच प्रकार मांडले, त्यात पद, बक्षीस, शिक्षेसोबत जाणकारी आणि आदरही आहेत. गुहागरकडच्या आमच्या शाळेत जुलैच्या पावसात एसटी रखडून एखाद्या सरांना उशीर झाला की हेडसर मस्टरवर लाल शेरा मारत नसत, त्यांच्या वर्गावर स्वतः गणित घेत. भिजलेले सर दारात आले की मुकाट खडू त्यांच्या हातात. दहावीच्या जादा तासांना त्याच सरांना कधी बोलवावं लागलं नाही.