मान वाकणारं रॅचेट: घ्यायचं कसलं, वापरायचं कुठं

रॅचेट म्हणजे बोल्टवरनं न काढता नुसतं पुढं मागं हलवून बोल्ट फिरवायचं हत्यार, आणि त्याचं डोकं दांड्याशी वाकत असलं की ते मान वाकणारं. मागच्या अंकात एका उत्तरात बोलता बोलता अशा रॅचेटचं नाव निघालं आणि त्यावरच एवढे प्रश्न आलेत की यावेळचं पान सगळं त्यालाच दिलंय. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (खानापूर): माझ्याकडं जुनी अल्टो आणि एक स्प्लेंडर आहे, बारीकसारीक काम मी घरीच करतो, कारण इथनं बेळगावला गाडी घेऊन जायचं म्हटलं की अख्खा दिवस जातोय. अल्टोच्या इंजिनच्या मागच्या बाजूला एक बोल्ट आहे, तिथं सरळ रॅचेट लावलं की दांडा पाइपला आदळतोय, फिरवायला जागाच नाही. दुकानदार मान वाकणारं घ्या म्हणालाय, त्यानं तीन दाखवली, एक एकदम स्वस्त, एक बटण दाबून लॉक होणारं, आणि एक सेहेचाळीस पीसचा डबा. दोन हजाराच्या वर जायचं नाही. काय घेऊ?

उत्तर: आधी डब्याचं बघू, कारण त्याच्यावरच सगळ्यांची नजर जाते. तो सेहेचाळीस पीसचा डबा म्हणजे बहुतेक पाव इंची चौकाचा (चौक म्हणजे रॅचेटच्या डोक्यावरचा चौकोनी खुंट) असतो, त्यात गोट्या, म्हणजे त्या खुंटावर चढवून बोल्टवर बसवायची सॉकेट, ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंत येतात, दिसायला भरगच्च. खरं तुमच्या दोन्ही गाड्या जपानी वळणाच्या, त्यात तुम्हाला परत परत लागणार ८, १०, १२, १४ आणि क्वचित १७. साडेचार आणि साडेपाचची गोटी वर्षभर डब्यातनं बाहेर येणार नाही, आणि १७ ची तर त्यात नाहीच. म्हणून डबा नको. पैसे एका चांगल्या रॅचेटमध्ये घाला आणि गोट्या सुट्या घ्या, सहा कोनी घ्या, बारा कोनी नको, गंजलेल्या बोल्टचे कोपरे बारा कोनीनं लवकर गोल होतात.

चौक कुठला, तर तीन असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, ३/८ म्हणजे साडेनऊ, अर्धा इंच म्हणजे १२.७. पाव इंचीनं मोठा बोल्ट सोडवायला गेलात तर हत्यारच मोडेल, आणि अर्धा इंचीचं डोकं एवढं जाड की ज्या अडचणीसाठी तुम्ही हे घेताय तिथं ते शिरणारच नाही. घरच्या कारच्या कामाला ३/८ हाच मधला रस्ता आहे, आमच्याकडं बरेच जण सवयीनं अर्धा इंचीच मागतात आणि मग अडचणीच्या जागी रडतात.

आता दात. आत एक दातेरी चाक असतंय आणि त्याला अडवणारी खिटी. चाकाला २४ दात असले तर दर टिकला १५ अंश फिरवायला लागतं, ३६ असले तर १०, आणि ७२ असले तर फक्त ५. हे कागदावर बारीक वाटतं, खरं २५ सेंटिमीटरच्या दांड्याचं टोक १५ अंशाला साडेसहा सेंटिमीटर हलतं आणि ५ अंशाला सव्वादोनच्या आत, आणि तुमच्या त्या पाइपच्या मागं जागा असेल ती तेवढीच. म्हणून ७२ दातांच्या खालचं घेऊ नका. दुकानदार म्हणतोय म्हणून ७२ समजू नका, काउंटरवरच मोजा, दांडा चौथाई फेरा फिरवायचा आणि टिक मोजायचे, १८ आले तर ७२ दात, ९ आले तर ३६. उलट फार बारीक दातांच्या मागंही लागू नका, स्वस्तातल्या मालात नव्वदच्या वर दात सांगतात तेव्हा एकेक दात इतका नाजूक असतो की जोर आला की खिटी घसरते, आणि घसरली की तुमची बोटं रेडिएटरवर आपटतात. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून त्याचा व्रण आहे, म्हणून मी हे एवढं जीव तोडून सांगतोय.

दुसरी एक चाचणी कुणी सांगत नाही ती सांगतो. रॅचेटचा चौक दोन बोटांत हलकेच धरा आणि दांडा मागं फिरवा. चौक बोटांत थांबला पाहिजे आणि दांडा टिक टिक करत मागं आला पाहिजे. चौकच दांड्याबरोबर फिरायला लागला तर ते परत ठेवून द्या, कारण बोल्ट थोडा ढिला झाला की तो पुढं मागं नुसता डोलत बसणार, सुटणार नाही, आणि शेवटी तुम्ही बोटांनीच काढणार.

मानेचं बघायचं ते असं. एकदम स्वस्तातल्याची मान नुसत्या रिव्हेटवर असते, आज घट्ट वाटते, सहा महिन्यांत लुळी पडते, मग गाडीखाली एका हातानं धरलं की डोकं खाली लोंबतं आणि गोटी बोल्टवर बसवताच येत नाही. लॉकवालं उत्तम, जिथं सोडाल तिथं थांबतं, खरं त्याला जास्त पैसे आणि डोकंही जरा जाड. तुम्ही तिसरी जात मागा, जिच्या मानेला स्क्रू असतोय. ढिली झाली की अर्धा आटा आवळला की झालं. दोन हजारात ७२ दातांचं, ३/८ चं, स्क्रूच्या मानेचं आणि त्याच्या चार पाच गोट्या बसवा. दुकानात टपारिया, स्टॅनली, ईस्टमन अशी नावं असतात, नावावर जाऊ नका, जो नग तुमच्या हातात आहे त्याच्यावर या दोन्ही चाचण्या करा. आणि दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम छापलंय म्हणून हुरळून जायचं नाही, ती नुसती स्टीलची जात झाली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी शॉपमध्ये काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, हार्डनिंग (स्टील तापवून कडक करणं) जमलं नसलं तर चांगल्या स्टीलचे दातही एकतर दबतात नाहीतर तुटतात.

प्रश्न (निपाणी): मान वाकणारं अर्धा इंची घेतलंय. कारच्या चाकाचे नट त्यानं निघंना झालेत, पोरं म्हणालेत दांड्यात पाइप घाल. घालू का?

उत्तर: नको. कृपा करून नको. पाइप घातला की सगळा भार त्या मानेच्या पिनवर आणि आतल्या खिटीवर येतोय, पिन तुटली तर तुम्ही पाइपसकट तोंडावर पडणार. हे रॅचेट अडचणीत पोचायला केलेलं आहे, ताकद लावायला नाही. मान वाकवली की ताकद तशीच कमी होते हेही लक्षात घ्या, ३० अंश वाकवली तर दांड्याच्या लांबीचा ८७ टक्के उपयोग होतो, ४५ ला ७० टक्के, ६० ला निम्मा, आणि राहिलेला जोर गोटीला बोल्टवरनं कलती करून उचकटायला बघतो. म्हणून वाकवून वापरताना डावा हात कायम डोक्यावर, गोटी बोल्टवर दाबून धरलेली.

चाकाच्या नटांचा हिशेब करून बघा. छोट्या कारला ते साधारण ९० न्यूटन मीटरच्या (हे पिळाच्या जोराचं माप) आसपास आवळलेले असतात. २५ सेंटिमीटरच्या दांड्यानं त्याला ३६-३७ किलोचा जोर लागतो, ६० सेंटिमीटरचा बार घेतला तर १५ किलोत काम होतं, आणि गंज धरलेला असला तर दोन्हीकडं जास्तच. त्यामुळं बिनरॅचेटचा लांब बार किंवा चाकाचा एल पाना घ्या, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक लावा. परत बसवताना समोरासमोरचे नट आवळत जायचं, एका बाजूनं ओळीनं नको. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी सुटतंय.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): मी माझ्या स्कूटरचं ऑइल, फिल्टर, कव्हर वगैरे घरीच करायला शिकतेय. मोठं रॅचेट हातात नीट बसत नाही. छोटं घेतलं तर बोल्ट नीट आवळले जातील का?

उत्तर: ताई, छोटंच घ्या, आणि हातात बसत नाही म्हणून नाही, कामाला तेच योग्य आहे म्हणून. स्कूटरच्या कव्हरचे बोल्ट बहुतेक एम ६ (आट्याची जाडी ६ मिलिमीटर), त्याला ८ किंवा १० ची गोटी लागते, आणि त्यांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतं. १५ सेंटिमीटरच्या दांड्यानं तेवढं आवळायला हाताचा जोर सात किलोच्या आत लागतो, तुम्हाला तो सहज कळतो. तेच ३० सेंटिमीटरच्या दांड्यानं आवळलं तर साडेतीन किलोतच झालेलं असतं, हाताला काही कळत नाही आणि आपण आणखी एकदा ओढतो, आणि त्या एका ओढीत अॅल्युमिनियमचे आटे जातात. आटे गेलेली केसिंग किती तरी जणांनी आमच्याकडं आणून दाखवलीय, आणि आवळायला बहुतेक वेळी लांब दांडाच वापरलेला असतोय. पाव इंची, मान वाकणारं, ७२ दातांचं, सोबत एक ८ आणि १० ची लांब गोटी आणि तीन इंची एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटीच्या मधला जोडदांडा). बोल्ट आधी बोटांनी आत घालायचा, वाकडा लागला तर लगेच कळतं, मग रॅचेट. ऑइलच्या नटाला मात्र हे वापरू नका, त्याला रिंग पाना घ्या आणि खालची वॉशर दर वेळी नवी घाला.

प्रश्न (खानापूर तालुका): एवढं सगळं घेण्यापेक्षा सरळ रॅचेटला युनिव्हर्सल जॉइंट (मधे वाकणारा सुटा जोड) लावला तर?

उत्तर: चालतंय की, आणि स्वस्तही पडतंय. खरं जॉइंट लावला की डोकं आणि गोटी यांच्यात आणखी तीन चार सेंटिमीटर वाढतात, आणि अडचण असते ती नेमकी तेवढ्याचीच. लांबनं एक्स्टेन्शन घालून वाकड्या कोनात जायचं असलं तर जॉइंट, बोल्टच्या डोक्यावरच जागा नसली तर मान वाकणारं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

प्रश्न (वडगाव): वडिलांच्या वेळचं एक रॅचेट आहे, दोन्हीकडं नुसतंच फिरतंय, पकडत नाही. टाकून देऊ का?

उत्तर: टाकू नका, आधी उघडून बघा. डोक्याच्या मागं दोन छोटे स्क्रू नाहीतर एक गोल क्लिप असते, ती पांढऱ्या कापडावर बसूनच काढा, कारण आतली स्प्रिंग आणि छोटी गोळी उडाली की सापडत नाही. सुट्टं करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. आत बहुतेक वेळा नुसता गोठलेला काळा ग्रीस असतो, तो खिटीला बाहेरच येऊ देत नाही. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल, त्यात ब्रशनं धुवा, पुसा, वाळू द्या आणि मग दातांना अगदी पातळ थर द्या, शिलाई मशीनचं तेल उत्तम. चाकाच्या बेअरिंगचा जाड ग्रीस भरू नका, त्यानंच ते परत अडकतंय. स्प्रिंग मोडली असली तर बॉलपेनच्या स्प्रिंगचा तुकडा तात्पुरता चालतो. दात किंवा खिटीची धार गोल झालेली असली तर मात्र ते हत्यार जोराच्या कामाला वापरायचं नाही, शोकेसमध्ये ठेवा.

आणि आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या, विशेषतः खानापूर, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली असते की क्रोमवरसुद्धा डाग येतात. पेटी जमिनीवर ठेवू नका, लाकडाच्या फळीवर ठेवा, आत खडूचे चार पाच तुकडे टाका, आणि काम झाल्यावर हत्यार ओल्या फडक्यानं पुसून तसंच आत टाकायची सवय असली तर ती सोडा, शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा पाहिजे.