खाली बसवलेली पिकअप आणि मर्यादित खर्च : सस्पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील शेतकरी आहे. गेल्या हंगामानंतर मी एक जुनी, लहान आकाराची डबल केबिन पिकअप विकत घेतली. पहिल्या मालकाने हौसेने ती पुढून-मागून खाली बसवून घेतली होती. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे आहेत. मागच्या स्प्रिंगच्या सहा पोलादी पट्ट्यांपैकी, म्हणजे पाट्यांपैकी, दोन काढून टाकले आहेत आणि टायर बुटके घातले आहेत. रिकामी असताना यवतमाळच्या डांबरी रस्त्यावर गाडी सुरेख चालते, परंतु सोयाबीनची पाच-सहा पोती टाकली की ती मागून आपटते आणि पांदणीत तर बसवत नाही. माझ्याकडे यासाठी तीस हजार रुपये आहेत. गाडीचे दिसणे फारसे बिघडू नये अशी इच्छा आहे. गॅरेजवाले चारही शॉकअप बदला असे सांगतात. शॉकअप आधी बदलावेत की पाटे?

उत्तर : गाडी मागून आपटते याचा अर्थ ॲक्सलला वर सरकण्यासाठी जेवढी जागा हवी तेवढी उरलेली नाही आणि तो बंप स्टॉपच्या, म्हणजे चासीखालच्या अडथळ्याच्या रबरावर, किंवा ते रबर झिजून गेले असल्यास थेट चासीवर जाऊन धडकतो आहे. शॉकअपचे काम पाट्यांची उसळी शांत करण्याचे असते, वजन पेलण्याचे नव्हे. हालचालीला जागाच नसेल तर महागडा शॉकअपही तेथे काही करू शकत नाही. उलट बंप स्टॉपचे रबर झिजलेले असेल तर मूळ लांबीचा नवा शॉकअप खाली बसवलेल्या गाडीत ॲक्सलच्या आधी स्वतःच तळाला टेकू शकतो आणि त्याचे सील गळू लागते. म्हणून आपले पैसे आधी पाट्यांवर, म्हणजे हरवलेली जागा परत मिळवण्यावर खर्च व्हावेत.

या जागेचे मोल किती आहे ते एका हिशेबावरून लक्षात येईल. स्प्रिंग जेवढा धक्का पोटात घेते तो तिच्या ताठपणाच्या आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दबण्याचे अंतर निम्मे केले तर तोच धक्का पचवण्यासाठी स्प्रिंग चौपट ताठ असावी लागते. आपल्या गाडीत मात्र अंतर कमी केले आणि सोबत पाटेही काढले, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान झाले. सहापैकी दोन पाटे गेल्यावर पाट्यांचा ताठपणा ढोबळमानाने दोन-तृतीयांश उरतो आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण साधारण दीडपट होतो. असे पाटे बहुधा मध्यभागी, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतात. मुख्य पाटा चालत्या गाडीत तुटला तर ॲक्सल तिरपा होऊन गाडी हातातून जाऊ शकते, त्यामुळे हा केवळ आरामाचा प्रश्न समजू नये.

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एक दिवस मोजमापाला द्यावा, त्याला काही खर्च येत नाही. गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरमधील हवा सारखी करून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची लिहून घ्यावी. नंतर मागच्या ॲक्सलपासून बंप स्टॉपपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. मग काट्यावर तोललेली पोती हौद्यात, नेमकी ॲक्सलच्या वर येतील अशी ठेवून हेच अंतर पुन्हा मोजावे. समजा, रिकाम्या गाडीत ९० मिलिमीटर अंतर होते आणि ३०० किलो भार टाकल्यावर ते ४५ मिलिमीटर उरले, तर आणखी ३०० किलोंत ते पूर्ण संपणार हे उघड आहे. परंतु गाडी ६०० किलोपर्यंत चालेल असा अर्थ त्यातून काढू नये, कारण खड्ड्यातून जाताना चाकावरचा भार क्षणभर दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. आपण नेहमी जेवढा माल नेता तेवढा भरल्यावर किमान ५० मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, असे मी धरून चालतो. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके आणि मग पूर्ण गाडी तोलून घेतली तर कोणत्या ॲक्सलवर किती भार येतो तेही समजेल. पाट्यांचे काम करणाऱ्या कारागिराला हे आकडे दिले की तो अंदाजाने काम करणार नाही.

आपल्याकडील रस्ते लक्षात घेता ही जागा थोडी अधिकच ठेवावी. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता नवा असतानाच लाटांसारखा होऊ लागतो. गतिरोधकांचेही तसेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येतो. गावोगावी मात्र अरुंद आणि उंच वरवंटे घातलेले दिसतात आणि बुटक्या गाडीचे पोट त्यांवर घासते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मागच्या बाजूला काढून टाकलेले दोन पाटे त्याच जाडीचे, त्याच रुंदीचे आणि त्याच कमानीचे परत बसवावेत, ही माझी स्पष्ट शिफारस आहे. उरलेले पाटे सपाट झाले असतील तर दोन्ही बाजूंचा पूर्ण संच घ्यावा, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवल्यास गाडी तिरकी उभी राहते. सोबत शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, पिना आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवे घ्यावेत. यू बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तीच पकड देत नाहीत. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावावेत आणि चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या वजनावर बसल्यानंतरच पूर्ण आवळावेत. जॅकवरच आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. ही गोष्ट कारागिराला आधीच सांगून ठेवावी, कारण घाईत ती हमखास राहून जाते. पाचशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा तपासून आवळावेत.

पुढच्या बाजूची गोष्ट सोपी आहे. टॉर्शन बारच्या टोकाचा समायोजनाचा बोल्ट फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते आणि त्यामुळे बारचा स्वतःचा ताठपणा बदलत नाही. ज्या बोल्टने पहिल्या मालकाने गाडी खाली आणली, त्याच बोल्टने ती फुकटात वर येते. जॅकने चाकांवरचा भार काढून, बोल्टवर खूण करून, दोन्ही बाजूंना सारखेच फेरे द्यावेत. पुढची बाजू फार खाली गेली की चाके वरून आत झुकतात, टायरची आतली कड झिजते आणि खड्ड्यात चाक वर जाताना स्टिअरिंग आपोआप ओढले जाते. आपली हौस राखायची असेल तर पुढची उंची कंपनीच्या मापाहून किंचितच खाली ठेवावी आणि मागची कंपनीच्या मापावर न्यावी; माल भरल्यावर गाडी समतल उभी राहील आणि नेटकीही दिसेल. त्यानंतर व्हील ॲलाइनमेंट केलेच पाहिजे आणि हेडलाइटचा झोतही जुळवून घ्यावा.

उंची पक्की झाल्यावर शॉकअपचा विचार करावा, त्यापूर्वी नाही. ॲक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना आणि चाक पूर्ण लोंबकळत असताना, अशा दोन्ही स्थितींत शॉकअपच्या दोन टोकांमधील अंतर मोजावे. पूर्ण दाबलेल्या शॉकअपची लांबी पहिल्या मापापेक्षा कमी आणि पूर्ण उघडलेल्याची दुसऱ्या मापापेक्षा जास्त असली पाहिजे. उंची मूळ मापाजवळ आली असेल तर कंपनीचा साधा शॉकअपच बरोबर बसतो आणि तोच सर्वांत स्वस्त पडतो. तेल बदलून दुरुस्त केलेले जुने शॉकअप घेऊ नयेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तापलेले तेल पातळ होते आणि अशा शॉकअपचा दम तेथेच संपतो.

तीस हजारांची विभागणी करताना मी निम्म्याच्या आसपास रक्कम मागच्या पाट्यांसाठी, बुशांसाठी आणि यू बोल्टसाठी राखून ठेवीन, सुमारे एक-तृतीयांश शॉकअपसाठी, आणि उरलेल्यात नवे बंप स्टॉप, ॲलाइनमेंट व मजुरी बसवीन. बंप स्टॉप ही अगदी स्वस्त वस्तू आहे, परंतु चासीला भेगा जाण्यापासून तीच वाचवते. टायर या रकमेत येणार नाहीत. आताचे झिजेपर्यंत वापरावेत आणि पुढच्या वेळी मूळ उंचीचे घ्यावेत. उदाहरणार्थ, १९५/६० आर १५ टायरची (१९५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६० टक्के भिंतीची उंची) भिंत ११७ मिलिमीटर असते, तर १९५/८० आर १५ ची १५६ मिलिमीटर. म्हणजे ॲक्सलखालची जागा तेवढ्यानेच ३९ मिलिमीटरने वाढते, आणि बुटक्या टायरमुळे वेगमापक जो वेग प्रत्यक्षाहून जास्त दाखवत होता तोही ताळ्यावर येतो. मोटारीचे टायर पिकअपला घालू नयेत. टायरवरील भारक्षमतेचा अंक वाचूनच खरेदी करावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो, जो गाडी किती दबली आहे त्यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. खाली बसवलेल्या गाडीत तो व्हॉल्व्ह रिकामी गाडीसुद्धा भरलेली समजतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतात. मागची उंची बदलल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवून घ्यावा.

प्रश्न : माझी पिकअप खाली बसवलेली नाही, पण सरकी ढेपेच्या पोत्यांनी ती बसते. हिंगणघाटच्या कारागिराने पाटे भट्टीत तापवून कमान वाढवण्याचा आणि ८ मिलिमीटरच्या पाट्यांत १० मिलिमीटरचे दोन पाटे घालण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही बाबतींत सावध राहावे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून १० मिलिमीटरचा एक पाटा ८ मिलिमीटरच्या जवळजवळ दोन पाट्यांइतका ताठ असतो. दोन घातले म्हणजे चार घातल्यासारखे झाले. मग रिकाम्या फेरीत गाडीची मागची बाजू उसळत राहील, चाके रस्ता सोडतील आणि ब्रेक लागणार नाही. गाडीवर माल थोडेच दिवस असतो आणि रिकाम्या फेऱ्या वर्षभर असतात, हे विचारात घ्यावे. त्याऐवजी खाली एक हेल्पर पाटा घ्यावा, जो ठराविक भार आल्यावरच वरच्या पाट्यांना टेकतो. रिकामी गाडी त्यामुळे मऊच राहते.

भट्टीचे म्हणाल, तर पाट्याचे पोलाद ठराविक तापमानाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा हळूहळू तापवून तयार केलेले असते. नुसते लाल करून वाकवले आणि हवेत थंड होऊ दिले की त्याचे पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरतो. कमान काही आठवडे छान दिसते, मग पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. थंड अवस्थेत ठोकून कमान देणारे अनुभवी कारागीर आहेत आणि ते काम त्या मानाने बरे असते, परंतु फार थकलेल्या पाट्याला नवा पाटा हाच उपाय आहे. आणि गाडी बसते म्हणून पाटे वाढवण्यापूर्वी, आपला माल नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाच्या आत आहे ना, हे काट्यावर पाहून घ्यावे. पाटे वाढवल्याने ब्रेक, टायर आणि चासी यांची क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

प्रश्न : सस्पेन्शन बदलल्यास पासिंगच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात अडचण येते का? माझ्या गाडीची चासी मागे थोडी कापून ॲक्सलसाठी खाच करावी असा विचार आहे.

उत्तर : चासी कापू नये. कापलेल्या आणि जोडलेल्या ठिकाणी भार साठतो व वेल्डिंगच्या कडेने भेग जाते. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

झिजलेले पाटे, बुश, शॉकअप त्याच मापाच्या सुट्या भागांनी बदलणे ही दुरुस्ती आहे आणि तिला अडचण नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता तपासणीला न्यावी लागते, तेव्हा ब्रेक आणि हेडलाइटही पाहिले जातात. सुट्या भागांची पक्की बिले आणि ॲलाइनमेंटचा छापील कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला तर बसवलेले भाग मूळ मापाचेच होते हे दाखवण्यासाठी तोच आधार उपयोगी पडतो.