नकाशावर आधी बंधारे दाखवा, मग रॅपिड

प्रश्न: खानापूरजवळ मलप्रभेत पावसाळ्यात कयाक घालायचा आहे. सॅटेलाइट चित्रावरून रॅपिड (खडकांवरून फेसाळत उसळणारं पाणी) आणि नदीत उतरायच्या जागा अचूक कशा मार्क करू?

सॅटेलाइट चित्रावरून करूच नका. असाच घरात बसून केलेला एक नकाशा आमच्याकडं फिरत होता. आमच्या गावाखाली नदीला आडवी पांढरी रेघ होती, तिथं त्या गृहस्थानं लिहिलं होतं, 'रॅपिड, ग्रेड २', म्हणजे किती अवघड त्याची पायरी. तो केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा, बंधारा आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, तेव्हा नदीचं स्वच्छ चित्र मिळतच नाही. त्याच्याकडचं चित्र बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यानंतरचं, वरून सांडणारं पाणी पांढरं दिसणारच.

जुलैत बाहेरगावची पोरं तो नकाशा घेऊन आली. माझे चुलते काठावर रोप लावत होते. बोटी दिसल्या तसे ते खोळ हातात धरून हलवत बांधावरून पळत सुटले, "पोरांनो, कडंला या! फुडं बांद हाय!" पोरांनी ऐकलं, म्हणून वाचली. नंतर मी त्यांना शेतातून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नेलं. वरून पाणी उतरतंय आणि पायथ्याशी उलटं फिरून परत भिंतीकडं येतंय. एक ओंडका तिथंच गरगरत होता, सुटत नव्हता. माणूसही तसाच अडकतो, लाइफ जॅकेट घालून अडकतो. खडकाच्या रॅपिडमध्ये बहुतेक वेळा कडेनं कुठंतरी वाट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सलग, आणि बोटीतून बघताना पुढं फक्त पाण्याची सरळ कड दिसते.

त्या गृहस्थाला फोन करून सांगितलं, हे काढा. तो म्हणाला, "लोकेशन तर बरोबर आहे ना?" होतं की, अगदी मीटरावर बरोबर होतं. यालाच तो अचूकपणा म्हणतो. माझ्या मते तिथं काय आहे हे चुकलं तर अक्षांश-रेखांशाला काडीची किंमत नाही.

तुम्हाला करायचाच असेल तर उन्हाळ्यात काठानं चालत जा, खडक उघडे असतात. मग पावसात तेच काठावरून पुन्हा बघा. पाणी वाढलं की काही रॅपिड बुडून सपाट होतात, काही नवे उठतात. त्यामुळं तारीख आणि पुलाच्या खांबावर पाणी कुठवर होतं हे लिहिल्याशिवाय ग्रेड लिहिण्यात अर्थ नाही. डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून सांगायचा. अक्षांश-रेखांशाचे आकडे दशांशात लिहा आणि तसं नमूदही करा, १५.३० आणि १५ अंश ३० मिनिटं यांत बावीस किलोमीटरचा फरक पडतो. प्रत्येक बंधाऱ्याच्या बरंच आधी, पाणी संथ आहे तिथं, बाहेर पडायची जागा दाखवा. ती बोटीतून ओळखू येईल अशी खूण लिहा, एखादं झाड, मोटरीची खोली. ॲप कुठलंही चालतं.

हे सगळं ज्यांना पुरात बोट सावरता येते त्यांच्यासाठी. पहिल्यांदाच जात असाल तर आधी सुपा धरणाखाली गणेशगुडीला काळी नदीत गाइडबरोबर जा. म्हादईच्या बाजूला, भीमगड अभयारण्यात, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका.

आणि उतरायची जागा म्हणजे कुणाचं तरी शेत असतं. तो गृहस्थ अजून म्हणतो, मालकाला विचारणं हे नकाशा करणाऱ्याचं काम नाही. मी म्हणतो, पहिलं काम तेच. लावणीच्या दिवसांत दहाजण बोटी घेऊन एका बांधावरून गेले की बांध फुटतो, खाचरातलं पाणी जातं. मालक हो म्हणाला तरच ती जागा नकाशावर टाका, आणि कुठल्या महिन्यात चालेल तेही त्यालाच विचारून लिहा.